भार नसलेल्या कमानी

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याचे चैत्यगृह बांधलेले नाही, कोरलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले हे दालन सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. वर अखंड कातळ, म्हणजे छप्पर कोसळण्याचा प्रश्नच नाही. तरीही त्या छताला लाकडी कमानींच्या फासळ्या जडवल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आजही जागेवर आहेत. त्या काहीच पेलत नाहीत. मग हा खटाटोप कशासाठी? माझ्या मते, आत येणाऱ्या माणसाच्या मनासाठी. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांची आणि वरच्या कमानींची लय नजरेला पुढे नेते, दर्शनी भागातल्या घोड्याच्या नालासारख्या गवाक्षातून आलेला उजेड स्तूपावर पडतो आणि बाजूचे मार्ग अंधारात राहतात. चालणाऱ्याचा वेग आपोआप मंदावतो.

यावर सरळ आक्षेप असा, की ही केवळ सवय होती: आधीची चैत्यगृहे लाकडी होती, तीच रूपे कारागिरांनी दगडात गिरवली. रूप कुठून आले हे यातून कळते, पण मेहनत कुठे खर्ची घातली ते कळत नाही. बाजूच्या बहुतेक खांबांना घटाकार तळखडे आणि हत्तींवर बसलेल्या युगुलांचे शिरोभाग आहेत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी, ना तळखडा ना शिरोभाग. नुसती सवय असती तर तिने मागचे-पुढचे पाहिले नसते. इथे पाहणाऱ्याची नजर कुठवर पोचेल याचा हिशेब दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: भव्यता ही धनिकांची मिरवणूक असते. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल इथल्या लेखात या शैलगृहाला जंबुद्वीपात सर्वोत्तम म्हणवून घेतो, तेव्हा विनय शोधायला जाऊ नये. पण त्याच दालनातले कितीतरी खांब धेनुकाकटच्या यवनांसह वेगवेगळ्या लोकांनी दिलेले आहेत, आणि दाराचे दान एका गंध विकणाऱ्याचे आहे. घाटवाटेवरच्या व्यापाराचा पैसा असा वाटून येत होता. एकट्याच्या दरबारात हे घडत नाही. ज्याने खांब दिला, त्याला त्या उंचीत आपला वाटा दिसत असणार. कातळ फोडणाऱ्यांचे काय, हे विचारलेच पाहिजे. सामी नावाच्या सुताराचे नाव लेखात आहे. छिन्नी चालवणाऱ्या बाकीच्यांची नावे कुणी कोरली नाहीत, आणि दालनाचा सारा उजेडही ही उणीव भरून काढत नाही.