पन्नास फुटी बाईचा टी-शर्ट

उड्डाणपुलाच्या दोन बाजूंना दोन पाय रोवून एक बाई उभी आहे. अंगावर जेमतेम दोन पांढरी फडकी. पोराने खेळणं उचलावं तशी तिने हातात मोटार धरली आहे. खाली गाड्या एकमेकींवर आदळताहेत आणि माणसं जीव घेऊन पळताहेत. 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन' या १९५८ सालच्या अमेरिकी चित्रपटाचं हे पोस्टर रेनल्ड ब्राउन या चित्रकाराने रंगवलं. चित्रपट आज हौशी मंडळी सोडली तर फारसं कोणी बघत नाही. पोस्टर मात्र बायकांच्या टी-शर्टांवर ठाण मांडून बसलं आहे.

गंमत म्हणजे पोस्टरवरचा प्रसंग चित्रपटात नाहीच.

चित्रपटातली नॅन्सी आर्चर पैसेवाली आहे, दारूच्या नादाला लागलेली आहे आणि तिचा नवरा बाहेरख्याली आहे. वाळवंटात तिला परग्रहावरचा एक अवाढव्य प्राणी भेटतो. गावात येऊन ती सांगते, तर सगळे तिलाच वेड्यात काढतात. मग ती वाढत जाते, आणि शेवटच्या काही मिनिटांत गावातल्या दारूच्या गुत्त्याचं छप्पर फोडून नवऱ्याला मुठीत उचलते. उड्डाणपूल नाही, मोटारींचा खच नाही. अवघ्या तासाभराचा हा चित्रपट लाख डॉलरच्या आत उरकलेला. दुहेरी छायाचित्रणाची करामत इतकी कच्ची, की राक्षसी नॅन्सीच्या आरपार मागचा देखावा दिसतो. ब्राउनच्या कुंचल्याने तिला जो भरीवपणा दिला, तो कॅमेऱ्याला काही जमला नाही.

यात ब्राउनची लबाडी नव्हती, धंद्याची रीतच तशी होती. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीत जेम्स निकल्सन आधी चित्रपटाचं नाव काढायचा. त्यावरून अल्बर्ट कॅलिस पोस्टर करायचा. थिएटरवाल्यांना ते पसंत पडलं की मग पटकथा लिहायला घ्यायची! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, या म्हणीवर एक अख्खा उद्योग उभा होता.

बड्या कंपन्याही मागे नव्हत्या. एमजीएमच्या 'फॉरबिडन प्लॅनेट'च्या (१९५६) पोस्टरवर रॉबी नावाचा रोबो बेशुद्ध तरुणीला हातांवर घेऊन उभा आहे, चेहरा असा की आता खातोच. चित्रपटातला रॉबी कमालीचा आज्ञाधारक. माणसाला इजा करणं त्याच्या घडणीतच बसत नाही आणि नायिकेने मागितला की तो तिच्यासाठी नवा पोशाख तयार करून आणतो. शिंप्याला पोस्टरवाल्यांनी राक्षस करून टाकलं.

ही चित्रं पोस्टरांबरोबर रद्दीत जायची, पण त्यांना व्हिडिओ कॅसेटने दुसरा जन्म दिला. जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस कॅसेट जपानमध्ये १९७६ साली बाजारात आणली, आणि पुढच्या वर्षी ती अमेरिकेत पोचली. त्याच १९७७ साली आंद्रे ब्ले या मिशिगनच्या व्यावसायिकाने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून ५० चित्रपटांचे कॅसेटवर विकण्याचे हक्क घेतले, आणि जॉर्ज ॲटकिन्सनने लॉस एंजेलिसमध्ये कॅसेटी भाड्याने देणारं दुकान थाटलं. आता गिऱ्हाईक फळीसमोर उभं राहून डब्याकडे बघूनच निवड करू लागलं. सत्तावीस बाय एक्केचाळीस इंचांचं पोस्टर वीतभर डब्यावर आलं, तेव्हा चित्राला आणखी मोठ्याने ओरडावं लागलं. नामवंत नट नसलेल्या विज्ञानपटाचा सगळा भार कव्हरवर. चार्ल्स बँडसारखे निर्माते तर पोस्टर दाखवून, न बनलेले चित्रपट विकत.

(आपल्याकडे ही चैन कमीच. भाड्याच्या व्हीसीआरबरोबर येणाऱ्या कॅसेटीवर बहुतेकदा नुसती चिठ्ठी असायची आणि तीवर बॉलपेनने लिहिलेलं नाव. अमेरिकेतल्या पोरांना मात्र न पाहिलेल्या चित्रपटांचीही कव्हरं तोंडपाठ होती.)

हे कव्हर छातीवर यायला टी-शर्टाचा स्वतःचा प्रवास व्हावा लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अमेरिकी नौसैनिकांचा आतून घालायचा कपडा होता. १९४२ साली 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या गोळीबार प्रशिक्षणशाळेचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला जवान झळकला. १९५१च्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मध्ये मार्लन ब्रँडोने तो उघडपणे मिरवला. धुतल्यावर न उतरणारी प्लास्टिसोल शाई आल्यावर छपाईचा धंदा फोफावला. १९७०च्या दशकात इस्त्रीने चिकटवायची चित्रं आली. १९७७ साली 'स्टार वॉर्स'ची अशी चित्रं दुकानातच यंत्राखाली दाबून गरम गरम टी-शर्ट हातात मिळायचे.

मात्र काळ्या कापडावर ब्राउनसारखं चित्र उतरवणं सोपं नाही. काळं सूत रंग पिऊन टाकतं, म्हणून आधी पांढऱ्या शाईचा थर द्यायचा, मग प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. कुंचल्याची सावली बारीक ठिपक्यांतून साधायची, आणि जाळी केसभर सरकली तरी नायिकेला दोन नाकं फुटतात. एवढा आटापिटा करून झाला, की चित्र मुद्दाम विटल्यासारखं, तडे गेल्यासारखं करायचं, कारण गिऱ्हाइकाला कोरं नको, जुनं हवं असतं.

आणि तरीही बराच काळ हे सगळं पुरुषांच्या मापात. 'युनिसेक्स' म्हणून जो टी-शर्ट मिळायचा, तो पुरुषी खांद्यांचा, गुडघ्यांकडे झेपावणारा. विज्ञानपटांचं वेड पोरांनाच असतं, असं दुकानदारांनी धरूनच ठेवलं होतं. 'स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स' मालिकेत असोका टॅनोला आवाज देणाऱ्या ॲशली एक्स्टीनलाही बायकांच्या मापाचे असे कपडे सापडेनात. तिने २०१०च्या सुमारास 'हर युनिव्हर्स' ही कंपनीच काढली आणि ती चालली. २०१६मध्ये 'हॉट टॉपिक' या दुकानांच्या साखळीने ती विकत घेतली.

या टी-शर्टांत एक जुना हिशेबही दडला आहे. 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'चं (१९५४) पोस्टर ब्राउनचंच. त्यातला खवल्यांचा जलमानव एका बाईला कवेत घेऊन चालला आहे. तो जलमानव कागदावर घडवला मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने. प्रसिद्धीसाठी युनिव्हर्सलने तिला गावोगाव फिरवलं खरं, पण रंगभूषा विभागाचा प्रमुख बड वेस्टमोर याला तिचं नाव पुढे आलेलं खपलं नाही. दौऱ्यावरून ती परतली ती काम गमावूनच. २०१९मध्ये मॅलरी ओमिरा यांनी तिचं चरित्र लिहिलं, तोवर तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. जलमानवाचा टी-शर्ट घालून फिरणाऱ्या मुलीच्या छातीवर पळवून नेलेली बाई दिसते, पण पळवणाराही एका बाईच्याच हातचा आहे.

जुलै २०१६मध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. इतर बड्या कंपन्या त्याआधीच त्यातून बाहेर पडल्या होत्या. त्याच महिन्यात, १९८०च्या दशकात घडणारी 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका सुरू झाली. तिचं पोस्टर काइल लँबर्टने आयपॅडवर रंगवलं, पण त्या काळच्या हाती रंगवलेल्या पोस्टरांच्या धाटणीत, आणि तेही यथावकाश टी-शर्टावर आलं. कॅसेट रिवाइंड करून परत देण्याची विनंती करणारी चिठ्ठीसुद्धा आता चित्राच्या कोपऱ्यात छापतात. ती अंगावर वागवणाऱ्या कित्येकींनी कॅसेट हातात धरलेली नसते.

पन्नास फुटी नॅन्सी या गर्दीत सगळ्यांत ऐटीत उभी असते. चित्रपटात तिची कोणी दखल घेतली नाही, शेवटी तर वीजवाहिन्यांच्या स्फोटात तिला मारून टाकलं. टी-शर्टावर ती मरत नाही, नवराही दिसत नाही. नुसती ती, रस्ता आणि हातातली मोटार. आत, मानेपाशी, माप छापलेलं असतं, सुताचं प्रमाण आणि उलटा करून धुण्याची सूचना असते. रेनल्ड ब्राउनचं नाव शोधून सापडायचं नाही.