तिरुत्तणीची सीमा आणि पाटसकरांचे सूत्र

चेन्नईत चार मराठी माणसे एकत्र आली की बेळगावचा विषय निघतोच. अशा वेळी मी तिरुत्तणीची आठवण करून देतो. चेन्नईहून रेल्वेने तिरुपतीला जाताना अरक्कोणमनंतर हे स्थानक लागते. डोंगरावरील मुरुगनच्या देवळामुळे तमिळ माणसाला ते परमप्रिय आहे. मात्र हे गाव तामिळनाडूत येण्यामागे एका मराठी माणसाचा निवाडा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

स्वतंत्र आंध्रसाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी याच शहरातील मैलापूर भागात १९ ऑक्टोबर १९५२ रोजी उपोषण आरंभले आणि ५८ दिवसांनी, १५ डिसेंबरला, त्यांचा अंत झाला. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. मद्रास शहरावरही तेलुगू भाषकांचा दावा होता. ‘मद्रास मनदे’, म्हणजे ‘मद्रास आमचे’, ही घोषणा ऐकताना मराठी माणसाला मुंबई आठवल्यावाचून राहणार नाही. शहर मद्रास राज्यातच राहिले. चित्तूर जिल्हा मात्र अखंड आंध्रात गेला आणि त्याच्या दक्षिणेकडील तमिळ गावेही त्याबरोबर गेली. म. पो. शिवज्ञानम यांनी या गावांसाठी आंदोलन उभारले. त्यांना तिरुपतीही हवे होते.

वाद चिघळल्यावर दोन्ही राज्यांनी हरी विनायक पाटसकर यांची मध्यस्थी मान्य केली. पाटसकर मूळचे इंदापूरचे; वकिली चाळीसगावला; संविधान सभेचे सदस्य आणि पुढे केंद्रीय मंत्री. हिंदू वारसा कायदा संसदेत पार पाडण्याचे किचकट काम त्यांनीच केले होते. १९५७ पासून ते मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते.

त्यांच्या निवाड्याची तत्त्वे थोडक्यात सांगता येतात. घटक जिल्हा किंवा तालुका नव्हे, तर खेडे. त्या खेड्यातील भाषिक बहुसंख्या. आणि भौगोलिक सलगता. महसुली कामकाज पाहिलेल्या माणसाला यातील व्यवहारज्ञान चटकन उमगते. जिल्हा ही सरकारने सोयीसाठी आखलेली गोष्ट. गावाला मात्र स्वतःची शीव असते, नकाशा असतो, दप्तर असते, जनगणनेतील स्वतंत्र नोंद असते. आपल्याकडे कुलकर्णी, तसा तिकडे कर्णम. वाद ‘चित्तूर कोणाचे?’ या प्रश्नावरून ‘या गावात कोण काय बोलते?’ या प्रश्नावर आला, की आवाज आपोआप खाली येतो.

निवाडा एकतर्फी नव्हता. तिरुत्तणी तालुक्याचा बहुतांश भाग मद्रासला मिळाला. सत्यवेडू परिसरातील गावे आंध्राला गेली. तिरुपती आंध्रातच राहिले. संसदेने १९५९ मध्ये कायदा केला आणि १ एप्रिल १९६० रोजी गावांची अदलाबदल झाली. तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांचे जन्मगाव तिरुत्तणीच. म्हणजे देशाच्या उपराष्ट्रपतींच्या गावाने त्या दिवशी राज्य बदलले!

घटनेच्या दृष्टीने पाहता या समझोत्याची सक्ती नव्हती. अनुच्छेद ३ अन्वये राज्यांच्या सीमा साध्या बहुमताने बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. संबंधित विधानमंडळांचे मत मागवावे लागते, संमती नव्हे. हा अधिकार किती व्यापक आहे, याचा धडा आपण मराठी माणसांनीच घेतलेला आहे. १९५६ मध्ये तीन स्वतंत्र घटकांचा प्रस्ताव विधानमंडळाकडे मतासाठी आला आणि संसदेने मंजूर केले ते विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य. पुन्हा मत मागवण्याची गरज नव्हती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बाबूलाल पराते खटल्यात १९५९ साली दिला. तरीही मद्रास व आंध्र यांनी तत्त्वे आधी ठरवली, गावांची यादी नंतर केली आणि संसदेच्या मोहोरेला शेवटी स्थान दिले. माझ्या मते, संघराज्य असे घडते. घटनेचे कलम केवळ त्याला वाट देते.

बेळगावच्या बाबतीत हा क्रम जुळला नाही. महाराष्ट्र पाटसकर सूत्राचाच आधार घेत आला. त्यात लोकेच्छेचे चौथे तत्त्वही जोडले. वास्तविक १९५६ मध्ये बेळगाव जिल्हाही अखंड राहिला नव्हता. त्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात आला होता. परंतु १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला तेव्हा कसोट्यांवर उभयपक्षी एकमत नव्हते. १९६७ च्या अहवालाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. सर्वत्र एकच तत्त्व लावले नाही, हा महाराष्ट्राचा आक्षेप. आयोगाचा निर्णय अंतिम, ही कर्नाटकाची भूमिका. आयोग मागितला तो महाराष्ट्रानेच, हेही कर्नाटक विसरू देत नाही आणि त्या युक्तिवादात वजन आहे, हे आपण मान्य करावयास हवे.

२००४ मध्ये महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. सीमा ठरविणे हे अनुच्छेद ३ नुसार संसदेचेच काम असून न्यायालयाला त्यात अधिकार नाही, असा कर्नाटकाचा प्रतिवाद आहे. खेडे हा घटक धरावा की नाही, या मूळ प्रश्नाआधी न्यायालयापुढे हा प्रश्न उभा राहिला आहे.