बाराचे माप

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे सुमारे २५ किलोमीटरांवर होसकोटे लागते. कानडीत या नावाचा अर्थ ‘नवा कोट’. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळुराबरोबर याही गावाचा समावेश होता. त्यामुळे बदलीवर आलेल्या मराठी माणसास ते अगदीच परके वाटू नये. मला मात्र ते आठवते ते १७६८ च्या ऑगस्टातील एका रात्रीमुळे.

हैदरअलीशी चाललेल्या युद्धात कर्नल स्मिथच्या इंग्रज फौजेजवळ गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांची मराठी छावणी येथे पडली होती. २२ ऑगस्टच्या रात्री हैदराच्या सैन्याने या छावणीवर छापा घातला. विल्क्सने आपल्या म्हैसूरच्या इतिहासात लिहिले आहे की, मुराररावांनी कोणीही घोड्यावर चढू नये, प्रत्येकाने आपल्या घोड्यापाशीच उभे राहावे, असा हुकूम केला. अर्थ उघड होता : अंधारात जो स्वार दिसेल तो शत्रू. छापा फसला. जय मिळाला तो आवरलेल्या बळाने.

बंदुकीच्या इतिहासातही असा आवर दिसतो. तोडेदार बंदुकीच्या काळी प्रत्येक बरकंदाज आपला बार आपणच भरी. मापाने दारू नळीत ओतावयाची, गोळी गजाने ठासावयाची, बंदुकीच्या कानावर रंजक ठेवून तोडा लावावयाचा. दारू कमी घातली तर गोळीचा वेग कमी आणि खांद्यास बसणारा धक्काही कमी. जवळच्या निशाणास तेवढे पुरे. दारू फार झाली तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जाई. माप त्याचे, तसा धोकाही त्याचाच.

हा अनुभव आकड्यांत मांडला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने टांगलेल्या लंबकावर गोळी झाडून, लंबक किती हलला यावरून तिचा वेग काढण्याची रीत सांगितली. वेगवान गोळीस हवेचा विरोध अपेक्षेहून फार मोठा असतो, हे त्यातून कळले. दारू दुप्पट केल्याने पल्ला दुप्पट होत नाही. तोफांनाही कमी दारू पुरते, असा त्याचा आग्रह असे. पुढे हाच रॉबिन्स कंपनीचा मुख्य इंजिनियर होऊन दक्षिणेत आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

कागदी काडतूस आले आणि माप शिपायाच्या हातून कारखान्यात गेले. प्रत्येक बार सारखा झाला, ही सोय खरीच. परंतु सोय निराळी आणि विश्वास निराळा. १८५७ च्या आरंभी एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांस गाईची वा डुकराची चरबी लावली आहे, हा संशय डमडमहून पसरला. जानेवारीअखेर सरकारने शिपायांना वंगणाविना काडतुसे देऊन हवे ते वंगण आपल्या हाताने लावण्याची मुभा दिली. उपाय योग्य होता; वेळ मात्र निघून गेली होती.

उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी एन्फील्डच्याच घाटाची, पण नळीत पेचदार खाचा नसलेली बंदूक तयार झाली. तिचा नेम व पल्ला दोन्ही कमी. पुढे मार्टिनी-हेन्री रायफल आली. तिच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू असे. आखूड कार्बाइनीसाठी मात्र ७० ग्रेन दारूचे, हलक्या गोळीचे काडतूस निराळे करीत, कारण हलक्या बंदुकीचा धक्का स्वारास सोसत नसे. दोन्ही ठिकाणी बळ कमीच केले. पण एके ठिकाणी ते वापरणाऱ्याच्या खांद्याकडे पाहून केले, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्याविषयीच्या भीतीने.

सरकारी कचेरीत मर्यादा घालणारे कागद माझ्याही हातांखालून रोज जातात. एखाद्या कागदावर टिपण लिहिताना होसकोट्याची ती रात्र आठवते. मुराररावांनीही आपल्या माणसांना आवरलेच होते; पण तो आवर त्यांचा जीव वाचविण्यासाठी होता, आणि हे अंधारात उभ्या असलेल्या प्रत्येक शिपायास कळले होते. समोरच्या कागदावरील मर्यादा कोणासाठी आहे, एवढे स्वतःस विचारूनच मग मी सही करतो.