पत्रकारांचे व्यासपीठ, लोकांचे प्रश्न

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये याच दिवशी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक प्रसिद्ध केला. मराठी व इंग्रजी मजकूर एकाच अंकात देणारे हे पत्र १८४० मध्ये बंद पडले. तथापि त्याचा वाढदिवस आजही राज्यभर, अगदी तालुक्याच्या गावीही, पाळला जातो. प्रतिमापूजन, मान्यवरांची भाषणे, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन असा या दिवसाचा साचा ठरून गेला आहे. पत्रकारांच्या संघटना मात्र वर्षातून एकदा सत्कार घडवून आणण्यासाठी स्थापन झाल्या नव्हत्या. सार्वजनिक प्रश्नांवर जाणकारांना बोलते करणे आणि सत्ताधाऱ्यांना उत्तरे देण्यास भाग पाडणे हेही त्यांचे काम आहे. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या गावात या कामाचे मोल मोठ्या शहरांपेक्षा अधिक आहे, कारण तेथे प्रश्न विचारण्याच्या जागा मुळातच थोड्या असतात.

निमंत्रण कोणाचे?

पत्रकार परिषद आणि पत्रकार संघाचा वार्तालाप हे दोन प्रकार वाचकांना सारखेच वाटतात. त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. पत्रकार परिषद नेता, अधिकारी किंवा पक्ष बोलावतो. वेळ, जागा व विषय त्याचाच असतो आणि अडचणीचा प्रश्न येताच ‘आज एवढेच’ म्हणून तो उठूनही जाऊ शकतो. वार्तालापात यजमान पत्रकार असतात. वक्ता त्यांचा पाहुणा असतो, विषय ते ठरवतात आणि प्रश्नोत्तरे केव्हा संपवायची हेही त्यांच्याच हाती असते. त्यामुळे पाहुण्याला सन्मान मिळतो, परंतु सभेचे नियंत्रण मिळत नाही.

पुणे श्रमिक पत्रकार संघाचा ‘वार्तालाप’ या पद्धतीचा परिचित नमुना आहे. मुंबई मराठी पत्रकार संघाची स्थापना १९४१ मधील. नागपुरात धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात होणाऱ्या ‘मीट द प्रेस’मध्ये राजकीय नेत्यांपासून शास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी हजेरी लावली आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या मराठी पत्रकार परिषदेच्या शाखा जिल्ह्यांत व तालुक्यांत पसरल्या आहेत. त्यामुळे लहान गावातही असे व्यासपीठ उभारण्यासाठी संघटनेचा सांगाडा नव्याने तयार करावा लागत नाही.

या उपक्रमांची मुळे महाराष्ट्राच्या व्याख्यान परंपरेत आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. व्याख्यानमालेत श्रोता ऐकतो, तर पत्रकारांच्या व्यासपीठावर तो प्रश्नही ऐकतो आणि उत्तर टाळले गेल्याचे त्याच्या लक्षात येते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातून हे टाळणेसुद्धा घरोघरी पोहोचते.

सभाबंदीचा मुलूख

मराठवाड्याला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. १९४८ पर्यंत कळमनुरीचा परिसर हैदराबाद संस्थानात होता. तेथे ‘गश्ती निशान ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी परिपत्रकामुळे पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. परिणामी वाचनालये, गणेशोत्सव आणि साहित्यविषयक मेळावे यांच्या आडोशाने सार्वजनिक चर्चा करावी लागे. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेही अशाच कोंडीतून वाट काढत.

वृत्तपत्रांची स्थिती याहून निराळी नव्हती. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्रावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा नावे बदलून ते काढण्याचा मार्ग पत्करावा लागला. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली याच पत्राने विभागाच्या प्रश्नांना वाचा फोडली. हैदराबादेतील ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले आणि संस्थान भारतात विलीन व्हावे, अशी भूमिका घेतली. २२ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत, १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. ज्या प्रदेशात चार माणसे जमवून बोलण्यासाठी परवाना लागत होता, तेथे आज सभागृह उपलब्ध असूनही प्रश्न विचारले जात नसतील, तर त्याची कारणे शोधणे भाग आहे.

एका भोजनसभेचा परिणाम

अशा सभेची ताकद किती असू शकते, याचे बोलके उदाहरण जपानमध्ये सापडते. १९७४ मध्ये पंतप्रधान काकुएई तनाका यांच्या संपत्तीविषयी ‘बुंगेई शुंजू’ या मासिकात सविस्तर लेख आला. मोठ्या जपानी दैनिकांनी प्रारंभी त्याची फारशी दखल घेतली नाही. २२ ऑक्टोबर रोजी तनाका टोकियोतील परदेशी वार्ताहरांच्या क्लबमध्ये भोजनसभेचे पाहुणे म्हणून गेले. तेथे प्रश्नांची सरबत्ती झाली ती नेमकी या लेखावरच. त्यानंतर दैनिकांनीही विषय उचलला आणि २६ नोव्हेंबरला तनाका यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. माहिती आधीच छापून आली होती. क्लबमध्ये घडले ते इतकेच, की ती पंतप्रधानांच्या तोंडावर विचारली गेली.

प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला, हा मुद्दाही तितकाच मोलाचा. वॉशिंग्टनचा नॅशनल प्रेस क्लब १९०८ मध्ये स्थापन झाला. १९५५ पासून महिला वार्ताहरांना तेथील भाषणे सज्जात बसून ऐकता येऊ लागली, पण प्रश्न विचारण्याची मुभा त्यांना नव्हती. सदस्यत्व मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले. तालुका पातळीवरील पत्रकारितेत आजही महिलांची संख्या तोकडी आहे. पाणी, रेशन, आरोग्य उपकेंद्र या विषयांवरील चर्चेत त्यांचा आवाज नसेल, तर चर्चेची बाजू लंगडी राहते.

चर्चा कशी घडते?

यशस्वी वार्तालापाची पूर्वतयारी वक्ता येण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. ‘तालुक्याचा विकास’ असा ऐसपैस विषय ठेवला की भाषणही ऐसपैस होते. एकच योजना, एकच रस्ता किंवा एकच अर्थसंकल्प समोर ठेवल्यास उत्तरे नेमकी मिळतात. २००२ मध्ये महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला आणि २००५ मध्ये तो देशभर आला. त्याआधारे मिळवलेली कागदपत्रे हाती असली, की ‘माहिती घेऊन सांगतो’ ही पळवाट बंद होते.

सूत्रसंचालकाचे काम स्तुतिसुमने उधळण्याचे नसून वेळ राखण्याचे आहे. भाषणाला निम्म्याहून कमी आणि प्रश्नांना निम्म्याहून अधिक वेळ, हे प्रमाण बरे. प्रश्नकर्त्याने प्रश्नच विचारावा, भाषण करू नये, आणि उत्तर अपुरे असल्यास त्याला एक उपप्रश्न मिळावा. कार्यक्रमातील बोलणे प्रसिद्धीसाठी आहे की नाही, हे आधीच स्पष्ट असले पाहिजे. लंडनच्या चॅथम हाऊसने १९२७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार माहिती वापरता येते, मात्र बोलणाऱ्याचे नाव सांगता येत नाही. अभ्यासगटांना हा नियम सोयीचा आहे. लोकप्रतिनिधीच्या जाहीर उत्तरांना तो लावल्यास चर्चेचा हेतूच हरवतो.

कळमनुरीपुढील विषय

विषयांची येथे वाण नाही. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती. पैनगंगेवरील इसापूर धरण कळमनुरीच्या शेजारी आहे. धरणाचे पाणी कोणाला, केव्हा व किती, हा प्रश्न अभियंता आणि शेतकरी एकाच व्यासपीठावर आल्याशिवाय उलगडत नाही. जिल्ह्यातील वसमत परिसराच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा लाभ उत्पादकाच्या हाती किती पडतो, हे बाजार समितीला विचारता येईल. औंढा नागनाथ तालुक्यातील लायगो-इंडिया वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी म्हणजे काय, हे शास्त्रज्ञांकडून मराठीत ऐकण्याचा हक्क या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना सर्वांत आधी आहे.

अनुशेषाचा जुना विषयही संपलेला नाही. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये विभागीय अनुशेष मोजून दाखविला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. त्यानंतर मराठवाड्याच्या वाट्याचा हिशेब कोणी आणि कोठे मांडायचा, हा प्रश्न उभा आहे.

खर्चाचा आणि धैर्याचा प्रश्न

खरी अडचण विषयांची नसून पैशांची आहे. तालुक्याचा वार्ताहर बहुधा अर्धवेळ काम करतो. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांसाठी होता. त्याचे छत्र गावच्या वार्ताहरापर्यंत क्वचितच पोहोचले. बातमी देणाऱ्यालाच जाहिरातीही आणाव्या लागतात आणि लहान गावात जाहिरात देणारा बहुतेक वेळा नेता, ठेकेदार किंवा संस्थाचालक असतो. त्याच्याच देणगीतून मंडप उभा राहिला, तर प्रमुख पाहुणा कोण आणि न विचारायचे प्रश्न कोणते, हे आपोआप ठरते.

पत्रकारांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी राज्य विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा संमत केला. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. कायदा हल्ल्यानंतर उपयोगी पडतो. एकट्या वार्ताहराने विचारलेला बोचरा प्रश्न त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होतो. संघाच्या व्यासपीठावरून, चारचौघांसमोर विचारलेला प्रश्न मात्र सर्वांचा होतो. वार्तालापाचा हा उपयोग लहान गावातील पत्रकारांसाठी सर्वांत मोठा म्हणता येईल.

याला फार खर्च लागत नाही. सदस्यांची वर्गणी, शाळेचा किंवा वाचनालयाचा दिवाणखाना, पिण्याचे पाणी आणि एक ध्वनिक्षेपक एवढ्यावर कार्यक्रम पार पडतो. त्यासोबत एक नोंदवही ठेवली, वक्त्याने दिलेली आश्वासने तारखेसह तीत लिहिली आणि वर्षभरानंतर तोच वक्ता पुन्हा आला असता ती नोंद सभेत वाचून दाखविली, तर पुढच्या पत्रकार दिनाला सत्काराखेरीज सांगण्यासारखे आणखी काही हाती असेल.