निपुत्रिक राजाची गादी

गाव मालाड. शके 1370, म्हणजे इसवी सन 1448. तुम्ही सभेत मागच्या रांगेत, खांबाला पाठ टेकून बसा. पुढची बैठक ज्याची त्याची ठरलेली आहे, आणि तुमचे कुळ इथे कुणाला ठाऊक नाही.

“पाहुणे, कुळ कोणतं?” शेजारचे आजोबा विचारतात. नाव त्यांना नकोच आहे. तुम्ही आडनाव सांगता, तेवढ्याने त्यांचे भागत नाही. गोत्र कोणते, कुळदेवी कोणती, मूळ गाव कोणते, आणि सगळ्यात शेवटी खालच्या आवाजात, “थोरल्या घरातले की धाकट्या?” थोरल्याला विडा आधी मिळतो. भाऊ सख्खा असला, शहाणा असला, लढाईत पुढे असला तरी विड्याचा क्रम बदलत नाही. धाकट्याच्या वाट्याला जमीन येते, वडिलकी येत नाही. तुमच्या डावीकडे एक तरुण मान खाली घालून बसला आहे. पानाचे तबक त्याच्यापुढून न थांबता थोरल्या चुलतभावाकडे जाते. तो नजर वर करत नाही, पण हाताची मूठ आवळतो.

सभा बोलावली आहे ती मालाडचा देसला, म्हणजे वतनदार, नायकोराव याने. त्याला देवीचा दृष्टांत झाला, आणि त्याच्या सांगण्यावरून केशवाचार्य आता जुन्या राजांची आणि कुळांची हकीकत ऐकवत आहेत. याच सांगण्यातून पुढे ‘महिकावतीची बखर’ उभी राहिली. वि. का. राजवाड्यांनी ती 1924 मध्ये छापली आणि ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द तिच्यातून नव्याने लोकांसमोर आला. पण आज तुम्ही त्या शब्दासाठी आलेला नाही. केशवाचार्य कुळांची नावे घेऊ लागले की सभेतला माणूस न् माणूस कसा ताठ बसतो, ते पाहा. बाहेर अंमल गुजरातच्या सुलतानाचा आहे. आपला राजा शतकभर आधीच गेला. उरले आहे ते हेच: कोण कुणाचा मुलगा, कुणाची वृत्ती, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, कुठल्या गावावर, कुणाचा मान आधी.

आचार्य इथे पूर्वी राज्य करणाऱ्या बिंब घराण्यापाशी येतात. प्रतापबिंब आला, त्याच्यामागे कुळे आली, गावे वाटली गेली. त्याच्यानंतर महीबिंब, महीबिंबानंतर केशवदेव. इथवर सगळे सरळ आहे. मग आचार्य क्षणभर थांबतात. तुम्ही डोळे मिटा, आणखी दोनशे अकरा वर्षे मागे चला.

सन 1237. मरोळहून माहीमकडे निघालेल्या होडीत तुम्ही बसला आहात. दोन्ही बाजूंना तिवरे, ओहोटीचा चिखल. होडीत कुणी मोठ्याने बोलत नाही. केशवदेव गेला, आणि त्याला मूलबाळ नाही.

निपुत्रिकाचा वारस कोण, या प्रश्नावर याच भूमीत शंभर वर्षांपूर्वी एका राजाने लेखणी चालवली होती. ठाण्याचा शिलाहार राजा पहिला अपरादित्य. याज्ञवल्क्यस्मृतीवरची त्याची टीका दूर काश्मीरपर्यंत मान्य झाली. स्मृतीतला क्रम पाठ करून ठेवण्यासारखा आहे: आधी पत्नी, मग मुली, मग आईवडील, भाऊ, पुतणे, मग गोत्रज, बंधू, आणि कुणीच नसेल तर शिष्य आणि सहाध्यायीसुद्धा. किती दूरवर हात पोचतो बघा! धन बेवारस राहू नये ही त्या शास्त्राची केवढी काळजी. पण शेत, गुरे, घर यांच्या वाटण्या होतात; गादीची होत नाही. आणि त्या लांबलचक यादीत प्रधान कुठेच नाही.

तरी गादीवर बसतो तो केशवदेवाचा प्रधान जनार्दनच.

माझ्या मते या सगळ्या बखरीत याहून मोठा क्षण नाही. रक्ताचा धागा तुटला तेव्हा राज्य कारभार जाणणाऱ्याच्या हाती गेले. गावोगावच्या देसल्यांच्या संमतीवाचून हे घडले नसावे. राजा त्यांना कशासाठी हवा होता? वृत्ती कायम करायला, तंटा तोडायला, कुणाचा विडा आधी हे सांगायला. प्रधान म्हणून हे काम जनार्दन आधीपासून करत असणार. तुमच्या होडीतला नावाडी एवढेच म्हणतो, “आमच्या गावचा पाटील तोच राहणार ना? मग झालं.”

हे चार वर्षे चालते. 1241 मध्ये घणदिवीचा नागरशा चाल करून येतो आणि जनार्दनाकडून राज्य घेतो. त्याला मारत मात्र नाही. बखर सांगते की त्याला पुन्हा प्रधान केले. वंश बदलला, कुळांची मांडणी तशीच राहिली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. याच काळातल्या शिलालेखांत उत्तर कोकणचे राजे म्हणून शिलाहारांची नावे येतात, बखरीत बिंबांची. हा मेळ अजून नीट बसलेला नाही. परळला सापडलेल्या 1187 च्या लेखात दुसरा अपरादित्य षट्षष्टीतल्या, म्हणजे साष्टीतल्या, माहवली गावच्या वाडीचे उत्पन्न वैद्यनाथाच्या पूजेला लावून देतो. हे माहवली कुर्ल्याजवळचे मानतात. वाडी ज्याच्या ताब्यात आहे त्या अनंतपै प्रभूचे नावही लेखात आहे. राजा कोण यावर विद्वान भांडतील. वाडी कुणाची हे दगडाने तेव्हाच नोंदवून ठेवले.

शिलाहारांचा शेवट तर समुद्रात झाला. सन 1265 च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना सोमेश्वर बुडाला. बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ उभे आहेत, त्यांतल्या काहींवर ही लढाई कोरली आहे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. जवळ जाऊन पाहा. जहाजांच्या कडेने वल्ह्यांची दाट ओळ, वर योद्धे, आणि सगळ्यात वरच्या पट्टीत शिवापाशी पोचलेले वीर. त्यांच्या वारसांनी हे दगड उभे केले असणार, आणि तेवढ्यासाठी केवढा खर्च सोसला असेल!

मालाड, मरोळ, एक्सर, कुर्ला इथल्या जुन्या गावठाणांतल्या कुणाच्या घरी पेटीत कुळाचा कागद असेल, लग्नात मान आधी कुणाचा हे सांगणारी आजी असेल, तर या दिवाळीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. थोरले घर कोणते, धाकटे कोणते, दत्तक कुणाकडून कुणाकडे गेला, कुळदेवी कुठली, सगळे तिच्या शब्दांत उतरवून घ्या. केशवाचार्यांनी केले ते हेच काम होते.