वर्षाचे पंचवीस रुपये

गेल्या आठवड्यात पेणहून बहिणीचा नातू आला होता. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. मोसमात हातात चार पैसे येतात, गणपती गेले की ओढाताण. म्हणाला, "आजोबा, सेव्हिंग खातं कुठे काढू? एके ठिकाणी अर्धा टक्का व्याज जास्त मिळतंय."

मी कागद-पेन घेतलं. पाच हजार शिल्लक धरली तर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला २५ रुपये! म्हटलं, "बस जरा, आधी जुनी गोष्ट ऐक." (मास्तरांची खोड, दुसरं काय!)

गरिबाच्या बचतीसाठी सरकारी खिडकी उघडली ती १८८२ साली, पोस्टाची. तिथला पैसा सरकारच्या हमीचा. बँकांचं तसं नव्हतं. बँक बुडाली की पैसे गेले, एवढा साधा हिशोब. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, ज्यांना आम्ही रोहेकर आपलेच मानतो, त्यांच्या कारकिर्दीत १९४९ चा बँकिंग कायदा आला. बँकांवर देखरेख सुरू झाली. पण देखरेख असूनही १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. मर्यादा किती? दीड हजार रुपये! सहकारी बँकांना हे छत्र त्यानंतर काही वर्षांनी मिळालं. १९९३ साली मर्यादा १ लाख झाली, आणि २०२० साली ५ लाख.

मधल्या काळात, २०१० साली, पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले. लाखाहून जास्त ठेवीदार अडकले. पेणमध्ये कोणालाही विचारा, ते वर्ष विसरलेलं नाही.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीत असताना शाळेची संचयिका माझ्याकडे होती. पोरं चार आणे, आठ आणे आणायची, मी वहीत लिहायचो. त्यातलाच एक विद्यार्थी पुढे कमवायला लागला आणि विचारायला आला, "सर, पैसे कुठे ठेवू?" मी एक पतपेढी सुचवली. नाव घेत नाही. ओळखीची माणसं, घराजवळ, व्याजही जास्त. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नसतो, हे मला मास्तर असून माहीत नव्हतं. पतपेढी बंद पडली. त्याचे निम्मेच पैसे परत आले, तेही किती वर्षांनी. आजही रोह्याच्या बाजारात भेटला की आधी तोच वाकून नमस्कार करतो. ते मला फार जड जातं.

असो. तर नातवाला तीन प्रश्न लिहून दिले. बुडालं तर पैसे कोण देणार? शिल्लक कमी झाली तर दंड किती? मोसम संपल्यावर पैसे सहज काढता येतील का?

पोस्टात हमी सरकारची, शिल्लक मात्र ५०० ठेवावी लागते. बँकेतलं जनधन खातं (२०१४ पासून) शून्य शिल्लकीवर चालतं, एटीएम कार्ड मिळतं, आणि ५ लाखांपर्यंत विमा आहेच. ज्याचं उत्पन्न वर्षातून चार महिने असतं, त्याला दंड नसणं हेच मोठं व्याज.

त्याने कागद खिशात घातला. जाताना म्हणाला, "आजोबा, हे आधी कोणी सांगितलंच नाही."

मंडळी, आपल्या घरात नवा कमावता कोणी असेल तर त्याला सांगा. माझ्यासारखं उशिरा नको.