उलट-सुलट : एका मफलरचा पुरावा

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मी जुने कागद वाचायला शिकलो. वाचायला शिकलो नव्हतो तो कागद घरातच होता : जळगावात आईच्या ट्रंकेतला विटकरी मफलर.

खानदेश कापसाचा मुलूख. लोकर इथे धनगरांची आणि तिची घोंगडी मागावर होतात; उभा ताणा, आडवा बाणा. दोन सुयांचे काम अगदी वेगळे. एकच अखंड धागा, फासातून फास. मराठीत मात्र दोन्हींना ‘विणणे’ हे एकच क्रियापद. त्यामुळे कागदोपत्री ‘विणकाम’ दिसले की आपण माग समजतो, आणि सुया चालवणारी बाई नजरेआड होते.

या कलेचे सर्वांत जुने ज्ञात तुकडे इजिप्तमधले, सुमारे हजार ते सातशे वर्षांपूर्वीचे. त्यांतले पुष्कळसे पांढऱ्या व निळीच्या सुताचे, म्हणजे चक्क कापसाचे! उलट टाक्याचा एक जुना पुरावा इटलीत, 1562 साली वारलेल्या एलेओनोरा हिच्या मोज्यांत सापडतो. आपल्याकडे ही कला आली ती मिशनऱ्यांच्या आणि इंग्रज स्त्रियांच्या हातांनी, मग मुलींच्या शाळांतून. मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या त्या 1829 नंतर. पुण्याची हुजूरपागा 1884 ची. लोकर उत्तरेची. कानपूरची ‘लाल इमली’ गिरणी 1876 ची, पुढे लुधियानाचे नाव झाले. आणि रेल्वेमुळे भुसावळला उत्तर जवळच.

आता मफलर वाचू. स्वेटरची उलटी बाजू लपते, मफलरच्या दोन्ही बाजू दिसतात. एका बाजूने नुसते सुलट टाके घातले तर कडा वळतात. म्हणून आईने एक सुलट, एक उलट अशी दाणेदार वीण घेतली आणि टाके 41 ठेवले. संख्या विषम असली की प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू होते व संपते; कागद लागत नाही, मोजणी लागत नाही. बोलता बोलता, अंधारातही हात चालतो. नमुना लिहून न ठेवण्याचे कारण अडाणीपण नव्हे. तो लिहावा लागू नये असाच बेतलेला होता.

मध्यावर घट्ट वीण एकाएकी सैल होते. हात बदलला! आई सांगायची, माझ्या वेळच्या बाळंतपणात ते काम थोरल्या जाऊबाईंनी पुरे केले. मोठ्या आईच्या हातचे दुसरे काहीच आज घरात उरलेले नाही.

1959 नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांनी शहरोशहरी हिवाळी बाजार मांडले. तयार, स्वस्त स्वेटर-मफलर मिळू लागले आणि घरोघरच्या सुया मागे पडल्या. त्यात दोष कुणाचाच नाही. पण विणणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. मी वहीत दोनच रकाने आखले आहेत : टाके किती, आणि कुणाकडून शिकलात. दुसऱ्या रकान्यात जवळजवळ नेहमी एका बाईचेच नाव येते, आणि ते दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसते.